मुलुंडच्या गच्चीसाठी कूल्ड कॅमेरा: उणे दहाचा हट्ट सोडा, फिल्टरचे पैसे आधी बाजूला काढा

रात्रीच्या आकाशाचे, म्हणजे तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो काढणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा. ८० मिमीचा एफ ६ रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे, फोकल लेंग्थ ४८० मिमी. त्याला ०.८ चा रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग), खाली आकाशाबरोबर फिरणारं, गाइडिंग असलेलं इक्वेटोरियल माउंट, आणि आजवर काम चाललं ते जुन्या एपीएस-सी डीएसएलआरवर. बहुतेक रात्री मुलुंडच्या सोसायटीची गच्ची, अमावस्येच्या आसपास जमलं तर शहराबाहेर वांगणी किंवा मुरबाड. आता कूल्ड, म्हणजे सेन्सर गार ठेवणारा कॅमेरा घ्यायचाय. कलर की मोनो (कृष्णधवल), ५३३ सेन्सर की ५७१, आणि मे महिन्यात सेन्सर उणे दहा अंशांवर टिकेल का?

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. कलर घ्या. पैसे पुरत असतील तर सोनीचा आयएमएक्स ५७१ सेन्सर असलेला, नाहीतर आयएमएक्स ५३३. पण ‘पुरत असतील’ याचा अर्थ कॅमेऱ्याबरोबर चांगला ड्युअल नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) आणि धड वीजपुरवठा याच खेपेत घेता येत असेल तर. ५७१ घेऊन फिल्टर ‘पुढच्या दिवाळीत बघू’ म्हणण्यापेक्षा ५३३ आणि फिल्टर एकत्र घेतलेलं मुलुंडमध्ये कितीतरी जास्त कामाला येतं. आणि उणे दहा मे महिन्यात टिकणार नाही. त्याची गरजही नाही.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करू, कारण बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

कूल्ड कॅमेऱ्यात सेन्सरच्या पाठीमागे पेल्टियर हा विजेवर चालणारा कूलर बसवलेला असतो. तो एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि मागचा पंखा ती बाहेर फेकतो. माहितीपत्रकावर ‘३५ अंश डेल्टा’ लिहिलेलं असतं, म्हणजे आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्तीत जास्त ३५ अंश खाली. हा आकडा कूलर शंभर टक्के ताकदीने चालताना मिळतो. शंभर टक्क्यांवर चालणाऱ्या कूलरला तापमान धरून ठेवायला हातात काहीच उरत नाही. हवा अर्ध्या अंशाने तापली की सेन्सरही तापतो. म्हणून कूलर ७५-८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा नियम. मग ३५ चे व्यवहारात २८-३० उरतात. मे महिन्यात मुंबईत रात्री हवा २८ अंशांची. गणित सरळ आहे: शून्य, फार तर उणे दोन.

आता शून्य अंश पुरतात का, ते पाहू. सेन्सरमधला डार्क करंट (अंधारातही उष्णतेने पिक्सेलमध्ये जमणारे इलेक्ट्रॉन) साधारण दर सहा अंशांना दुप्पट होतो. डीएसएलआरचा सेन्सर उन्हाळ्यात सलग एक्स्पोजर घेताना सहज ३५ अंशांवर जातो. तिथून शून्यावर आलात की जवळजवळ सहा वेळा निम्मं झालं, म्हणजे सुमारे साठ पटींनी कमी. शून्यावरून उणे दहावर गेलात तर आणखी तिप्पट. ऐकायला छान वाटतं. पण ५३३ आणि ५७१ या दोन्ही सेन्सरांचा डार्क करंट शून्य अंशालाच सेकंदाला दर पिक्सेल काही हजारांश इलेक्ट्रॉन एवढा असतो. तुमच्या दुर्बिणीच्या नळीतून मुलुंडचं आकाश त्याच पिक्सेलमध्ये सेकंदाला पाच-दहा इलेक्ट्रॉन ओततं. सात नॅनोमीटरचा फिल्टर लावला तरी अर्ध्या इलेक्ट्रॉनच्या आसपास उरतंच. त्या अर्ध्यासमोर हजारांशाचे तीन भाग करून काय मिळवणार?

मग कूलिंग हवं कशाला? तापमान एका जागी बांधून ठेवायला. डीएसएलआरवर संध्याकाळी आठची फ्रेम ३४ अंशांची आणि पहाटे चारची २६ ची, आणि शेवटी घाईघाईत घेतलेल्या डार्क (फोटोतून वजा करायला झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) त्यातल्या एकाशीही जुळत नाहीत. हॉट पिक्सेल (उष्णतेने उगाच चमकणारे) अर्धवट वजा होतात, मग स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या फ्रेममध्ये) तिरप्या रेघांचा पाऊस दिसतो. कूल्ड कॅमेऱ्यात शून्य म्हणजे शून्य, मेमध्येही आणि जानेवारीतही. त्यामुळे डार्कची लायब्ररी एकदाच करायची: तेच तापमान, तोच गेन (सिग्नल किती वाढवायचा), तोच ऑफसेट (आकडे शून्याच्या वर ठेवणारा पाया), तेच एक्स्पोजर, प्रत्येकी ३० ते ५० फ्रेम. आपल्याकडे हे काम जूनमध्ये करावं. पुढचे चार महिने आकाश दिसणार नाहीच. वर्षभर डार्कची काळजी नाही. दरवर्षी एकदा नव्याने केल्या की झालं. हिवाळ्यात वांगणीला हवा १५-१६ अंशांवर येते, तेव्हा उणे दहा आरामात मिळतं, त्यासाठी दुसरी लायब्ररी हवी तर ठेवा. एकच ठेवली तरी काही बिघडत नाही.

डार्क घेताना एक गोष्ट हमखास चुकते. प्लास्टिकचं झाकण डोळ्याला काळं दिसतं, पण इन्फ्रारेड प्रकाश त्यातून आत येतो. ट्यूबलाइटच्या खोलीत भर दुपारी घेतलेल्या डार्कमध्ये कोपऱ्यात उजेड दिसला की लोक ‘ॲम्प ग्लो (सेन्सरच्या सर्किटचा उजेड) आला, कॅमेरा बाद’ म्हणून दुकानदाराला फोन लावतात. झाकणावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, वर काळा कपडा टाका, आणि मग बघा.

आता सेन्सर. पिक्सेलची आकाशातली मापं काढायचं सूत्र: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये. रिड्यूसरसह तुमची फोकल लेंग्थ ३८४ मिमी. ५३३ आणि ५७१ दोन्हींचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे २.०२ विकला प्रति पिक्सेल (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). रिड्यूसर काढून फ्लॅटनर (कडेचे तारे नीट ठेवणारं भिंग) लावला तर १.६. मुंबईच्या गच्चीवर, खाली दिवसभर तापलेली स्लॅब असताना तारा तीन विकलांच्या आत क्वचितच बसतो. तेव्हा दीड ते दोन विकला अगदी बेताचं माप आहे. बारीक पिक्सेलच्या मागे लागू नका.

दोन्हींत फरक आहे तो मुख्यतः आकाराचा. ५३३ चौकोनी, ११.३ मिमी बाजू, ९० लाख पिक्सेल. ३८४ मिमीवर १.७ अंशांची चौकट. ५७१ एपीएस-सी, २३.५ गुणिले १५.७ मिमी, २ कोटी ६० लाख पिक्सेल. साडेतीन गुणिले सव्वादोन अंशांहून थोडं जास्त. देवयानी दीर्घिका तीन अंश लांब आहे, ती ५३३ मध्ये मावत नाही; मोझॅक (तुकडे जोडून केलेलं चित्र) करावं लागतं. शृंगाश्वातला रोझेट तेजोमेघ सव्वा अंशाचा, तो ५३३ मध्ये छान बसतो. धनु राशीतला लगूनही बसतो. डीएसएलआरवरून येणाऱ्याला ५३३ आखूड वाटतो, कारण क्षेत्रफळ जुन्या सेन्सरच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. हे आधीच मनाशी धरा, नाहीतर पहिल्याच रात्री फसवल्यासारखं वाटेल.

चौदा बिट की सोळा, यावर फार वाद घातले जातात. ५३३ चौदा बिटांचा, ५७१ सोळा. गेन १०० ला दोन्हींची फुल वेल (एका पिक्सेलमध्ये मावणारे इलेक्ट्रॉन) १६ हजार इलेक्ट्रॉनांच्या आसपास आणि रीड नॉईज (पिक्सेल वाचताना कॅमेऱ्याने घातलेली खरखर) दीड इलेक्ट्रॉन. चौदा बिटांत १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणजे एक पायरी सुमारे एक इलेक्ट्रॉन. ती रीड नॉईजपेक्षा लहान आहे. शेकडो फ्रेमच्या स्टॅकनंतर या फरकावर कुणी चित्र ओळखून दाखवलं तर मानायला हरकत नाही.

इतर सेन्सर झटपट सांगतो. ५८५ स्वस्त आहे, पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, चौकट १.७ गुणिले ०.९ अंश, त्यामुळे तेजोमेघ कापले जातात. लहान दीर्घिका आणि ग्रह दोन्ही करायचे असतील तर बरा. २९४ चा पिक्सेल ४.६३ मायक्रॉनचा आणि आकार मोठा, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो, पण त्याला ॲम्प ग्लो आहे आणि फ्लॅट (कडांचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम) नीट बसत नाहीत. तीन सेकंदांहून लांब फ्लॅट आणि बायसऐवजी (सगळ्यात छोट्या एक्स्पोजरची अंधारी फ्रेम) डार्क-फ्लॅट (फ्लॅटएवढ्याच एक्स्पोजरची अंधारी फ्रेम) वापरले तर जमतं. रोज एवढी मनधरणी करायची तयारी हवी. १८३ चा ग्लो त्याहून जोरात. फुल फ्रेमचा ४५५ उत्तम सेन्सर, पण त्याचा कर्ण ४३ मिमी आहे. ८० मिमीच्या सर्वसाधारण नळीचा रिड्यूसर इतक्या मोठ्या वर्तुळात तारे गोल ठेवत नाही. कोपरे कापूनच टाकायचे असतील तर त्याचे पैसे मोजू नका. शिवाय एक फ्रेम १२२ एमबीची. ५७१ ची ५२, ५३३ ची १८. साठ सेकंदांच्या ३६० फ्रेम म्हणजे ५७१ वर एका रात्रीत सुमारे १९ जीबी. लॅपटॉप जुना असेल तर हा खर्चही धरा.

केएएफ-८३०० चे जुने सीसीडी कॅमेरे अधूनमधून विकायला येतात. नको. रीड नॉईज आठ इलेक्ट्रॉनच्या घरात, त्याचे परिणाम खाली एक्स्पोजरच्या हिशेबात दिसतील.

मोनोबद्दल. गच्चीवरून हायड्रोजन अल्फाचं काम करायला मोनो सरस आहे, यात शंका नाही. कलर सेन्सरवर चारांतला एकच पिक्सेल लाल असतो, बाकी तीन हायड्रोजनच्या प्रकाशाला जवळजवळ आंधळे. मोनोवर चारही कामाला लागतात. पण मोनो म्हणजे फिल्टर व्हील, कमीत कमी तीन नॅरोबँड फिल्टर, त्यांच्या वेगवेगळ्या फ्लॅट, आणि एका चित्रासाठी तीन-चार रात्री. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम, त्यात अर्धे शनिवार धुरक्यात जातात. सोसायटीच्या गच्चीची किल्ली दर वेळी वॉचमनकडून मागून घ्यायची असेल, आणि अकरा वाजता सेक्रेटरींना उत्तर द्यायचं असेल, तर एका रात्रीत पुरं होणारं काम निवडलेलं बरं. आठवड्यातून तीन-चार रात्री मिळणारी स्वतःची जागा असेल तेव्हा मोनोकडे वळा. तोवर कलर.

आता फिल्टर. मुंबईत निम्मं चित्र इथे ठरतं. जुने ‘लाइट पोल्युशन’ फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेले होते. सोडियमचा प्रकाश ठरावीक पट्ट्यांत येतो, तेवढे पट्टे कापले की आकाश काळं. आता शहरभर पांढरे एलईडी आहेत. मरीन ड्राइव्हच्या पिवळ्या हाराचा रंग बदलला म्हणून २०१५ मध्ये केवढी ओरड झाली होती, आठवत असेल. एलईडीचा प्रकाश सगळ्या वर्णपटावर पसरलेला असतो, त्यातलं कापायचं काय? म्हणून उलटा मार्ग: तेजोमेघ ज्या दोन रेषांत चमकतात तेवढ्याच आत घ्यायच्या. हायड्रोजन अल्फा ६५६.३ नॅनोमीटरला, दुहेरी आयनित ऑक्सिजन ५००.७ ला. सात नॅनोमीटरचा ड्युअल फिल्टर ४०० ते ७०० या ३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातून फक्त १४ आत सोडतो. आकाशाचा उजेड साधारण विसाव्या हिश्शावर येतो. तीन नॅनोमीटरचा घेतला तर पन्नासाव्या. तेजोमेघाचा प्रकाश मात्र जवळजवळ सगळा येतो.

ऑप्टोलाँगचा एल-एक्स्ट्रीम सात नॅनोमीटरचा, एल-अल्टिमेट तीनचा, अँटलियाचा एएलपी-टी पाचचा. तुमची नळी रिड्यूसरसह एफ ४.८ ला येते, तिथे यांतला कुठलाही चालतो. एफ २ च्या नळ्यांवर किरण तिरपे पडून फिल्टरचा पट्टा निळ्या बाजूला सरकतो, तिथे खास बनवलेला लागतो. तुम्हाला ती भानगड नाही. बजेट ताणलेलं असेल तर सात पुरे. चंद्र असलेल्या रात्रीही काम करायचं असेल तर तीन.

या फिल्टरची मर्यादा पक्की ध्यानात ठेवा: दीर्घिका, तारकागुच्छ, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ, यांचा प्रकाश अखंड वर्णपटाचा असतो. त्यांच्यावर नॅरोबँड लावला तर आकाशाबरोबर वस्तूही कापली जाते. त्या वस्तू वांगणी-मुरबाडसाठी राखून ठेवा आणि तिथे साधा यूव्ही-आयआर कट (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर) लावा. कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवर नुसतं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग आहे की ती आयआरही अडवते, हे घेण्याआधी माहितीपत्रकात बघा. नुसती एआर काच असेल आणि पुढे कट फिल्टर नसेल, तर रिफ्रॅक्टरमध्ये इन्फ्रारेड वेगळ्या जागी फोकस होतो आणि प्रत्येक ताऱ्याभोवती फुगलेलं वलय येतं. दोष नळीचा समजला जातो.

एक्स्पोजर किती, हे स्वतःच्या गच्चीवर मोजायची रीत देतो. आकाशाचा पार्श्वप्रकाश रीड नॉईजला गिळून टाकेल एवढं एक्स्पोजर पुरे. त्याहून लांब घेऊन फारसं हाती लागत नाही. हिशेब असा: रीड नॉईजचा वर्ग गुणिले दहा, एवढे इलेक्ट्रॉन आकाशाकडून दर पिक्सेलला यायला हवेत. रीड नॉईज दीड असेल तर २.२५ गुणिले १०, म्हणजे साडेबावीस इलेक्ट्रॉन. (जुन्या सीसीडीचा आठ धरला तर ६४०. म्हणूनच त्या काळी नॅरोबँडमध्ये वीस-वीस मिनिटांच्या फ्रेम घ्याव्या लागत.)

आता प्रत्यक्ष. गेन १००, ऑफसेट उत्पादकाने सुचवलेला, तापमान शून्य. झाकण लावून सगळ्यात छोट्या एक्स्पोजरची एक बायस घ्या आणि तिची सरासरी लिहून ठेवा. मग फिल्टर लावून, वस्तू वर आलेली असताना, ६० सेकंदांची एक फ्रेम घ्या. तिच्यात तारे आणि तेजोमेघ टाळून रिकाम्या जागेचा मध्यक बघा. दोन्हींची वजाबाकी करा. ५७१ ला गेन १०० वर एक एडीयू (फाइलमधल्या आकड्याची एक पायरी) म्हणजे सुमारे पाव इलेक्ट्रॉन. ५३३ चौदा बिटांचा असला तरी बहुतेक सॉफ्टवेअर फाइलमध्ये आकडा चारने गुणून ठेवतं, त्यामुळे तिथेही फाइलमधला पावच धरा. साडेबावीस इलेक्ट्रॉन म्हणजे ९० एडीयू. समजा वजाबाकी १२० आली: ३० इलेक्ट्रॉन, ६० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला अर्धा. ४५ सेकंदांतच काम भागलं. फिल्टरशिवाय हेच तीन-चार सेकंदांत भागतं. लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलांचे आकडे वेगवेगळे येतात. त्यांतला सगळ्यात कमी असेल तो धरा.

म्हणजे मुलुंडहून सात नॅनोमीटरच्या फिल्टरने १२० ते १८० सेकंद घेतलेत तरी भरपूर झालं. दहा मिनिटांच्या फ्रेम घेण्यात फक्त तोटा: वाऱ्याचा एक झोत, विमानाचा एक दिवा, आणि दहा मिनिटं गेली. मुंबईवरून किती विमानं जातात ते सांगायला नको. एकूण वेळ मात्र वाढवा. चार तासांखाली नॅरोबँडचं चित्र दाणेदारच राहतं. आणि दर दोन-तीन फ्रेमनंतर डिदरिंग (दुर्बीण किंचित सरकवणं) चालू असू द्या, कलर सेन्सरवर ते चुकवून चालत नाही.

गेन १०० हा आकडा झेडडब्ल्यूओ कंपनीच्या, या दोन सेन्सरांच्या कॅमेऱ्यांचा. तिथे सेन्सरचा हाय कन्व्हर्जन गेन हा मोड चालू होतो आणि रीड नॉईज एकदम खाली येतो. क्यूएचवाय कंपनीच्या २६८ मध्ये (सेन्सर ५७१ च) हेच हाय गेन मोडला गेन ५६ वर घडतं. प्लेअर वन किंवा टूपटेकचा घेतलात तर त्यांच्या आलेखात रीड नॉईजची रेघ जिथे पायरीसारखी खाली उतरते तो आकडा वापरा. सेन्सर तोच, आकडा वेगळा. दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबून ९९ ला घेतलंत तर रीड नॉईज दुप्पट मिळतो.

आता मुंबईकराचा खरा शत्रू: दमट हवा. मे महिन्यात रात्री २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या आसपास असतो. म्हणजे कॅमेऱ्याची पुढची काच हवेपेक्षा नुसती चार अंश गार झाली की तिच्या बाहेरच्या अंगाला दव धरणार. आणि तिच्यामागे काही मिलिमीटरवर शून्य अंशाचा सेन्सर बसलेला. म्हणून काचेभोवती हीटर असलेलाच कॅमेरा घ्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये तो चालू आहे ना ते दर वेळी बघा. काही ठिकाणी तो आपोआप चालू होत नाही.

दव नक्की कुठे धरलंय ते फ्रेममध्ये ओळखता येतं. चित्राच्या मधोमध धुरकट गोल डाग, दर फ्रेमला मोठा होत जाणारा, ताऱ्यांभोवती मऊ वलय: हे काचेच्या बाहेरचं दव. हीटर वाढवा, सेन्सर पाच अंश वर घ्या, पंधरा मिनिटांत जातं. डागाच्या कडा नक्षीदार, फर्नच्या पानासारख्या किंवा ठिपक्याठिपक्यांच्या असतील तर ते सेन्सरच्या कोठडीतलं बर्फ. आतला डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या गोळ्या) ओलावलाय. त्यावर हीटरचा उपाय नाही. कूलिंग सावकाश बंद करा आणि डेसिकंट सुकवा किंवा बदला.

डेसिकंट बदलणं हे दहा मिनिटांचं काम, पण मुंबईत ते कधी आणि कुठे करता याला महत्त्व आहे. जुलैत उघड्या खिडकीशेजारी कोठडी उघडलीत तर नव्या गोळ्या बंद होण्याआधीच निम्म्या भरतात. जानेवारी-फेब्रुवारीत, एसी तासभर चालू असलेल्या बंद खोलीत करा. गोळ्या उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये सुकवून, हवाबंद डबीत गार करून हाताशी ठेवा. कोठडीचा स्क्रू उघडा, जुन्या काढा, नव्या टाका, ओ-रिंगवर केस किंवा धूळ नाही ना ते बघा, बंद करा. फुंकर मारायची नाही. फुंकरीत वाफ असते. नंतर एक दिवस तसाच राहू द्या आणि मग कूलिंग लावा.

कूलिंग लावताना आणि काढताना मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा घाई नको. शेवटच्या फ्रेमनंतर वायर उपटून बॅगेत कोंबणं ही सगळ्यात वाईट सवय. सेन्सर हवेच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. घरी कॅमेरा साध्या कपाटात नको. चाळीस ते पंचेचाळीस टक्के आर्द्रता धरणारं इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घ्या, किंवा घट्ट झाकणाचा डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल. पावसाळ्यात मुंबईत काचेवर बुरशी यायला दोन महिने पुरतात, आणि फिल्टरच्या कोटिंगवर आलेली बुरशी पुसून जात नाही.

वीजपुरवठा. कूलरला १२ व्होल्टवर तीन अँपिअरपर्यंत लागतात, म्हणजे ३६ वॉट. गच्चीवर लिफ्टच्या खोलीतून लाइन घेता येत असेल तर कॅमेऱ्याला स्वतंत्र १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॅप्टर द्या. बारीक तारेची लांब एक्स्टेंशन १२ व्होल्टच्या बाजूला अजिबात नको. तीन अँपिअरला तिच्यात एक-दीड व्होल्ट सहज पडतो, कूलर मधूनच दम तोडतो आणि यूएसबीही तुटतं. लोक मग यूएसबीच्या केबली बदलत बसतात. लांबी वाढवायची तर २३० व्होल्टच्या बाजूला वाढवा. वांगणीला बॅटरी लागणार: कूलर, माउंट, मिनी पीसी आणि ड्यू हीटर मिळून साठेक वॉट, सहा तासांचे ३६० वॉट-तास. १२.८ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५१२ वॉट-तास देते आणि वजन पाच किलोच्या आसपास, म्हणजे कर्जत लोकलमध्ये खांद्यावर नेण्याजोगी. यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची लेड ॲसिड बॅटरी तासाभरात मान टाकते.

बॅकफोकस, म्हणजे रिड्यूसरपासून सेन्सरपर्यंतचं अंतर: बहुतेक रिड्यूसरना ५५ मिमी लागतात. कॅमेऱ्याचे १७.५ मिमी, २१ मिमीचा फिल्टर ड्रॉवर आणि १६.५ मिमीची जोडनळी, झाले ५५. फिल्टरची काच प्रकाश वाकवते, म्हणून तिच्या जाडीचा तिसरा हिस्सा वाढवा. दोन मिमीच्या फिल्टरला ०.७ मिमीची चकती. तुमच्या रिड्यूसरचा आकडा ५५ च आहे ना ते मात्र त्याच्या कागदावर बघा. चारही कोपऱ्यांत तारे लांबट असतील तर अंतर चुकलंय. एकाच बाजूला असतील तर सेन्सर किंवा फोकसर कललाय. ५३३ मध्ये असला कल बहुधा दिसतही नाही, ५७१ मध्ये दिसतो.

कुठल्या कंपनीचा, यावर माझं मत सौम्य आहे. सेन्सर सगळ्यांचा सोनीचाच. एएसआयएअर (दुर्बीण आणि कॅमेरा चालवणारी झेडडब्ल्यूओची छोटी पेटी) वापरायचा विचार असेल तर कॅमेरा झेडडब्ल्यूओचाच लागेल, ते यंत्र दुसऱ्या कंपनीचे खगोल कॅमेरे ओळखत नाही. लॅपटॉपवर निना हे फोटो घ्यायचं सॉफ्टवेअर चालवणार असाल तर कुठलाही चालतो. परदेशातून स्वतः मागवल्यास ड्युटी आणि जीएसटी धरून किंमत काढा, आणि दुरुस्तीसाठी परत पाठवायचा खर्च कुणाचा ते लेखी विचारा. भारतातला विक्रेता थोडा महाग पडला तरी पहिल्या वर्षी तोच बरा.

कॅमेरा हातात आला की आकाशाची वाट न बघता घरीच तपासा. शून्यावर नेऊन एक तास ठेवा: तापमान दशांशाच्या आत स्थिर हवं आणि कूलरचा टक्का चढत जाता कामा नये. फॉइल गुंडाळून ३०० सेकंदांच्या दहा डार्क घ्या. ५३३ किंवा ५७१ मध्ये कुठल्याही कोपऱ्यात ग्लो दिसता कामा नये. पांढरा टी-शर्ट ताणून फ्लॅट घ्या: हलणारी वर्तुळं फिल्टरवरच्या धुळीची, कॅमेरा फिरवल्यावरही त्याच जागी राहणारे बारीक गडद ठिपके सेन्सरच्या काचेवरच्या धुळीचे. ब्लोअरने जाणारी धूळ असेल तर ठीक. कोठडीच्या आत असेल तर स्वतः उघडू नका, परत करायची मुदत असते तेव्हाच परत करा.